हुरड्याच्या दिवशीचा गडी

अजिनाथाला दोस्त फार. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना छाती अशी फुगवायचा की ऐकणाऱ्याला कीव यावी की चीड, हेच कळू नये. "आपलं काय, दोस्तांवर जीव!" अरे बाबा, तुला कुणी विचारलंय का? पण नाही, सांगायचाच.

तिसगावच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्याचं चार एकर कोरडवाहू रान. लहानपणी दसरा झाला की आईबाप कोयते बांधून कोल्हारकडं ऊसतोडीला निघायचे आणि पोरालाही सोबत न्यायचे. पाच महिने शाळा बुडायची. परत आला की वर्गाला त्याचं नाव आठवायचं नाही, आणि त्याला सतराचा पाढा. मग गुरुजी म्हणायचे, "हो कोंबडा!" पायांमधून हात घालून कान धरायचे आणि बूड वर करून वाकून राहायचं. बाकीची पोरं रडायची. अजिनाथानं मात्र एक दिवस तसंच वाकून तुरुतुरु चालायला सुरुवात केली, मान उडवली आणि खच्चून बांग दिली. वर्ग हसून लोळला. गुरुजीसुद्धा हसले. सुट्टीत चेअरमनचा पोरगा कल्याण त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अज्या, आजपासून तू आमच्यात बस." झालं. तेवढ्या एका वाक्यावर या माणसानं सारा जन्म काढला.

पुढं दोस्त नगरला गेले. कल्याणनं सावेडीत बंगला बांधला, ट्रॅक्टरचं दुकान टाकलं. गोरक्षची औषधाची एजन्सी झाली. अजिनाथ राहिला रानात. पण नाताळच्या सुट्ट्या लागल्या की दोस्तांना त्याची हटकून आठवण यायची, कारण त्याच सुमाराला हुरडा धरायचा. त्यांच्यासाठी तो पोळ्याच्या आसपासच गुळभेंडी ज्वारीचा एक पट्टा वेगळा पेरायचा आणि पाखरं राखायला दिवसभर त्यात गोफण घेऊन उभा राहायचा. घरच्यांनी त्यातलं कणीस मोडलेलं त्याला खपायचं नाही. चार गाड्या यायच्या, खुर्च्या, गाणी वाजवायचा मोठा स्पीकर. हा आगटी पेटवायचा, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायचा, गरम कणीस तळहातावर चोळून त्यांच्यापुढं ढीग घालायचा. दही, गूळ, लसणाची चटणी, गोडीशेव सगळं हाताशी. खाऊन पोटं तट्ट झाली की कल्याण आरोळी द्यायचा, "अज्या, कोंबडा!" आणि हा पंचेचाळीस वर्षांचा बाप्या आगटीभोवती बूड वर करून फिरायचा.

बायको सत्यशीला त्या दिवशी रानात फिरकायची नाही. वस्तीवर भाकरी थापायची आणि कुणाच्या तरी हाती पाठवायची. एकदाच बोलली, "ते हुरडा खायला येत न्हाईत, तुमाला खायला येत्यात." अजिनाथ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. दोस्तांबद्दल वाकडा शब्द! हिला काय कळतंय?

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. एकुलती एक मुलगी, निकिता, नगरला कॉलेजात होती, हॉस्टेलला राहायची. तिनं फोन केला, "अप्पा, रविवारी माझ्या चार मैत्रिणी हुरड्याला येणारेत. पहिल्यांदाच येतायत. नीट करा हं. आणि तो पांढरा शर्ट घाला."

अजिनाथाला आभाळ ठेंगणं झालं. पोरीनं आपल्या रानात मैत्रिणी आणायच्या म्हणजे केवढा मान! आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप पोरीपुरती आगटी लावली असती. पण याच्या डोक्यात किडा वळवळला. पोरीच्या मैत्रिणींना दिसायला नको का, की बाप काही ऐरागैरा नाही? बापाचे दोस्त गाड्यांतून येतात, बंगल्यातली माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलतात! त्यानं स्वतः कल्याणला फोन लावला. "ह्या रविवारीच या. आमच्या निकीच्या मैत्रिणी यायच्यात. तुमी असला म्हंजी शोभा हाय." कल्याण म्हणाला, "मग तर यायलाच पाहिजे." आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात, त्यांना दुसऱ्या वैऱ्याची गरज पडत नाही.

रविवार उजाडला. निकिता मैत्रिणींना आणायला तिसगावच्या स्टँडवर गेली. अजिनाथानं पांढरा शर्ट घातला होता, पण आगटीची राख उडायला लागली तसा तो काढून बोरीच्या फांदीला अडकवला. पोरी आल्या की घालू, डाग नको पडायला. बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेला पायजमा, एवढ्यावर तो कणसं भाजायला बसला.

दोस्त लवकर आले, आणि यंदा लवकरच पेटले. पहिला ढीग संपायच्या आत कल्याण म्हणाला, "अज्या, होऊन जाऊ दे."

"आता नगं रे," अजिनाथ म्हणाला. "पोरगी येईल. संध्याकाळी करतो की."

"पोरगी यायच्या आधी उरक मग. का आता मोठा झालास? आमी उठून जाऊ?"

या एका धमकीपुढं त्याचं काही चालायचं नाही. तो वाकला, पायांमधून हात घातले, कान धरले, आगटीभोवती तुरुतुरु निघाला. स्पीकरवर गाणं चढलं. गोरक्षनं एक कणीस फेकून मारलं, "दाणा टिप, दाणा टिप!" अजिनाथानं तोंडानं कणीस टिपलं. आणि तसंच पायांच्या फटीतून त्याला दिसलं की बांधावर पाच पोरी उभ्या आहेत. मधली निकिता.

"अय्या, कोण गं हे?" डोळ्यांवर गॉगल चढवलेली एक मैत्रीण हसत हसत म्हणाली.

अजिनाथाला वाटलं, पोरगी आता लाजेल, चिडेल, पाय आपटेल, म्हणेल की काय हे अप्पा. म्हणू दे. तो कान सोडून सरळ व्हायला लागला.

"गडी आहे," निकिता म्हणाली. "आमचा सालगडी."

कल्याणला ती चांगली ठाऊक होती, तिच्या बारशाला जेवलेला माणूस. त्यानं निकिताकडं पाहिलं, अजिनाथाकडं पाहिलं, आणि त्याचं तोंड असं उजळलं, जणू वर्षभराची करमणूक एका दमात हाती लागली. "व्हय व्हय! लई जुना गडी! ए गड्या, बघतोस काय? ताईंना सतरंजी टाक!"

दोस्त खो खो हसले. पोरींना वाटलं, गावाकडची माणसं किती दिलखुलास असतात.

अजिनाथानं लेकीकडं एकदाच पाहिलं. ती मोबाईलवर काहीतरी शोधत होती. तिनं कॉलेजात काय काय सांगून ठेवलं होतं ते त्याला कुठलं माहीत? फार्म आहे आमचं, माणसं आहेत कामाला. काहीही सांगितलं असेल. तेवढ्यात एवढंच त्याच्या ध्यानात आलं की आता आपण तोंड उघडलं तर पोर या चौघींसमोर खोटी पडेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुठं मारायची? त्यानं सतरंजी झटकली, अंथरली. "बसा, ताई," म्हणाला. बोरीवरचा शर्ट तिथंच राहिला.

मग खेळ रंगला. "गड्या, पानी!" "गड्या, वारा घाल!" "ताईसायबांची चप्पल उन्हात हाय, सावलीला ठिव!" अजिनाथ धावत होता. हुरडा चोळताना एरवी कधी न भाजणारे तळहात आज भाजत होते. गॉगलवालीनं मोबाईल काढला. "निकी, सांग ना त्यांना, परत करा म्हणावं. रील बनवते."

निकिता घुटमळली, नाही असं नाही. मग मान खाली घालूनच म्हणाली, "करा ना, काका."

त्यानं केलं. बांगसुद्धा दिली. लेकीनं सांगितलेलं त्यानं कधी टाळलं होतं?

तेवढ्यात वस्तीच्या वाटेनं सत्यशीला येताना दिसली, डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. लेकीच्या मैत्रिणी आल्यात म्हणून आज ती स्वतः निघाली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. अजिनाथानं हातातलं कणीस टाकलं. तो पळतच तिला आडवा गेला.

"थांब, थांब. पोरीला नावानं हाक मारू नगंस. ताई म्हन. आपुन गडीमान्सं हाय, आसं सांगितलंय तिनं."

"कुनी? निकीनं?"

"लहान हाय गं. लाजली आसंल. एक दिस निभावून ने. तुझ्या पाया पडतो."

सत्यशीलानं त्याच्याकडं पाहिलं. बनियनवर राख, कपाळाला माती, कानाच्या पाळ्या ओढून लाल झालेल्या. वीस वर्षं ज्या गोष्टीकडं ती पाठ फिरवून भाकरी थापत बसली होती, ती अशी समोर येऊन पाया पडत होती. ती त्याला वळसा घालून सरळ आगटीपाशी गेली, पाटी उतरवली, आणि निकिताच्या शेजारी सतरंजीवर बसली.

"मी निकिताची आई," ती पोरींना म्हणाली. "पोटभर खा गं बायांनो. लाजू नगा."

निकिताचा चेहरा पांढरा पडला. दोस्त कान टवकारून बसले. अजिनाथ मागं उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आशेचा एवढासा कोंब आला. ही आता सांगेल. रागानं का होईना, चारचौघांत एकदा सांगेल की तो कोण आहे.

"नमस्कार काकू," गॉगलवाली म्हणाली. "आणि काका कुठायत? निकीचे पप्पा?"

सत्यशीलानं भाकरी मोडली, त्यावर भरीत घातलं, लेकीच्या हातात दिली.

"त्यांचं काय सांगू?" ती म्हणाली. "दोस्तांत आसत्यात. घरी कधी सापडलेच न्हाईत." मग मान मागं वळवून तिनं आवाज चढवला, "ए अजिनाथ! हुबा काय ऱ्हायलास? पोरींना पानी दे!"

लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं ते आज. आपल्याकडं बाया मरेपर्यंत ते नाव घेत नाहीत. कल्याणचं हसू तोंडातच राहिलं, गोरक्षनं स्पीकर बारीक केला. अजिनाथ कळशीकडं वळला. "आलो, बाई," म्हणाला.

तो कळशी घेऊन आला आणि एका टोकापासून पेले भरत गेला. आधी चार मैत्रिणींचे. मग बायकोचा. सगळ्यात शेवटी निकितानं पेला पुढं केला, वर न बघता. तो ओततच राहिला, पाणी काठावरून तिच्या बोटांवर सांडलं.

"बस झालं, काका," ती म्हणाली.