खुणेपर्यंत घण

अल्लाउद्दीननं उभं आयुष्य दोर ओढण्यात घालवलं. जमिनीत उभ्या केलेल्या लोखंडी दांड्यावर जड घण दोरानं खुणेच्या उंचीपर्यंत ओढून सोडायचा आणि किती ठोक्यांत दांडा खाली गेला ते इंजिनिअरला सांगायचं. ठोके जास्त लागले तर माती घट्ट. अख्ख्या कोल्हापूरच्या मातीचा नकाशा असाच तयार होत होता.

आज दांडा शिवाजी पेठेत, त्याच्या लेकीच्या दारात उभा होता. शबनमच्या सासरचे तिथं तीन मजले चढवणार होते. ही जागा तळं बुजवून केलेली, असं जुनी माणसं सांगायची. 

दोर जोडीदार जोतीरामच्या हातात होता. ठोके वाढत गेले, दांडा अगदी सावकाश उतरत होता. अल्लाउद्दीनला हायसं वाटलं. मग त्याची नजर वर गेली. घण खुणेपर्यंत चढतच नव्हता.

"दमलास व्हय रं?"

"न्हाय की चाचा," जोतीराम हळूच म्हणाला. "लेकीचं घर हाय तुमच्या. जरा घट्ट दिसू दे की."

"आन् उद्या भिताड नातवंडांवर आलं म्हंजे? सोड दोर!"

त्यानं इंजिनिअरला हे ठोके खोडायला लावले आणि शेजारी नवं भोक घेतलं. दोर स्वतः ओढला, दर वेळी खुणेपर्यंत. दांडा चिखलात काठी रुतावी तसा खाली गेला.

शबनम चहा घेऊन आली. "अब्बा, घट्ट हाय न्हवं?"

"न्हाय, पोरी. सासऱ्यांस्नी भाईर बोलीव. मीच सांगतो."