शैलाअक्कांचे हातमोजे

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी चिकोडीच्या शाळेत दहावीला सुटलं ते सुटलंच. पण शैलाअक्कांविषयी कोणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षभर मी बसत होतो.

इंदिरानगरमधल्या आमच्या छोट्या कंपनीत एक व्हिडिओ गेम तयार होत होता. खेळणारा त्यात होतकरू लोहार होतो, गावोगाव फिरतो, काम करतो तसं त्याचं कसब वाढतं. वाटेत अंगठ्या, ताईत, पट्टे मिळतात. ते घातले की कसब आणखी वाढतं. कोणत्या वस्तूनं किती वाढावं, हे अक्का ठरवत. मी शिकाऊ, कॉलेज सांभाळून येणारा. नव्या वस्तूचा आकडा ठरवण्याआधी त्या आपल्या लोहाराच्या अंगावरचं सगळं उतरवून पहिलं गाव तसंच खेळत. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला स्वतःला काय येतंय ते बघू दे की आधी. मग दागिने."

अक्का निपाणीच्या. ऑफिसात सगळे इंग्रजी-हिंदीत बोलत. अक्का माझ्याशी गावाकडचं मराठी बोलत आणि मध्येच कन्नडात शिरत. मी घाईनं आकडे बदलायला लागलो की म्हणत, "स्वल्प थांब रे. अंदाजानं आकडा लावू नको, खेळून लाव."

एकदा त्यांच्याच अंगठीत मला खोट सापडली. ती घालून काम केलं की तिच्याहून सरस अंगठी घडवता येई, ती घालून आणखी सरस. थोड्याच वेळात माझा लोहार एका हातोड्यात डोंगर फोडू लागला. अक्कांना हे कसं सांगावं कळेना. शेवटी कुजबुजत सांगितलं. त्यांनी दोन वेळा करून पाहिलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "या रे इकडे! माझी अंगठी ह्या पोरानं मोडली!" मग मला खालच्या बेकरीत नेऊन खारा बन खाऊ घातला. ज्यानं वस्तू मोडली त्याला ती करणाऱ्यानं खायला घालायचं, ही रीत आमच्याकडे त्यांनीच पाडली होती. त्यामुळे चूक दाखवायला कोणी घाबरत नसे.

त्यांचा सगळा जीव अडकला होता तो हातमोज्यांत. पहिल्या गावातली म्हातारी लोहारीण ते देते. घातल्याबरोबर कसब वीसनं वाढतं; पण प्रत्येक कामागणिक मोज्यांतला एक अंश कमी होतो आणि लोहाराच्या स्वतःच्या कसबात जमा होतो. शेवटी मोजे रिकामे, नुसतं चामडं.

आमचे प्रमुख, पुण्याचे मंदार सर, यांना ते पटेना. "अक्का, प्लेअरला वाटणार आपण दिलेलं परत घेतोय. तो गेम बंद करणार."

"घेत कुठं आहे? ह्या खिशातलं त्या खिशात घालतेय."

"ते त्याला दिसायला तर पाहिजे!"

"हे मात्र सरी, बरोबर बोललात," अक्का म्हणाल्या. चाचणीला आलेले खेळाडू खरोखरच चिडत होते. उतरत जाणारा मोज्यांचा आकडाच त्यांना दिसत होता. अक्कांनी हातोड्याचा आवाज बदलून घेतला. सुरुवातीला बिचकत पडणारा घाव कसब मुरेल तसा ठाम, खणखणीत वाजू लागला. तरीही सर म्हणाले, शेवटच्या चाचणीत लोक वैतागले तर मोजे गेममधून बाद.

त्या चाचणीआधीच अक्कांचा जुना आजार उलटला आणि त्यांना निपाणीला भावाकडे जावं लागलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "स्क्रीनकडे बघू नको. खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघ."

मी तसंच केलं. एक मुलगी खेळत होती. मोजे रिकामे झाले तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं रागानंच ते काढून टाकले, हातोडा मारला आणि थांबली. पुन्हा मारला. "अय्यो, ह्यांच्याशिवायही जमतंय की!" असं कन्नडात म्हणत ती हसायला लागली. मागे उभे असलेले मंदार सरही हसले. संध्याकाळी त्यांनी निर्णय सांगितला : मोजे राहणार, फक्त वीसऐवजी अठरा.

मी लगेच निपाणीला फोन लावला. अक्कांचे भाऊ वसंतदादा बोलले. "तिला फार बोलवत नाही आता. कानाला लावतो, सांग."

"अक्का, मोजे राहिले," मी म्हणालो. "त्या पोरीनं मोजे काढून काम करून बघितलं. हसली, अक्का."

 पलीकडून अगदी बारीक आवाजात, "किती ठेवले?"

"अठरा."

"चोर आहे तो मंदार," अक्का म्हणाल्या. त्या हसल्या असाव्यात; नंतर खोकलाच ऐकू आला.

सोमवारी मी ऑफिसात पोचलो तर मंदार सर माझ्या टेबलापाशी उभे होते.

"ते मोजे," ते म्हणाले, "वीस कर."

"पण सर, तुम्हीच तर अठरा…"

"वसंतदादांचा फोन आला होता," सर म्हणाले. "अक्का पहाटे गेल्या."