अण्णांनी दुरुस्त केलेला शेवट

श्री. किसनराव जाधव, म्हणजे आपले सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली ओळख हस्तांदोलनाने झाली. मी लातूरकडून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन चाकणच्या एका कारखान्यात लागलो, तो पहिला दिवस. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी अवाढव्य मशिनं, पोटात जाऊन बसणारा त्यांचा आवाज, आणि आम्ही सहा नवे कामगार भिंतीला पाठ लावून उभे. तेवढ्यात खाकी कपड्यांतले एक गृहस्थ आले आणि एकेकापुढे डावा हात करत निघाले. डावा का, ते हातात हात दिल्यावर कळलं. तिथं अंगठा होता आणि दोन बोटं. उरलेल्या दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. "मी किसन जाधव, मेंटेनन्सचा," ते म्हणाले. "मशीनमधी हात घालायच्या आदी हा हात आठवायचा." त्यानंतर एका साहेबांनी सुरक्षेवर दोन तास भाषण दिलं, त्यातलं मला अक्षरही आठवत नाही.

अण्णांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथाचे संपादक मेहबूबभाई आमच्याच कारखान्यातले जुने वेल्डर, आता मोशीत त्यांचं दुचाकींचं गॅरेज आहे. त्यांनी मला बजावलं, "आधी कार्य, मग विचार, मग माणुसकी, शेवटी शुभेच्छा. इकडं तिकडं भरकटू नको." प्रयत्न करतो. पण मी पडलो क्वालिटी खात्यातला माणूस. माल बरा असला की हिरवी चिठ्ठी, खराब असला की लाल. आणि काहीच कळत नसलं की पिवळी, म्हणजे निर्णय बाकी. अण्णांवर लिहायला बसल्यापासून माझ्या हाताला पिवळ्या चिठ्ठ्यांशिवाय काही लागत नाही.

कारण सांगून टाकतो. मी हे शुक्रवारी लिहितो आहे. ग्रंथ उद्या छापखान्यात जायचा आहे, कारण समारंभाची तारीख महिनाभर आधीच ठरली आहे. आणि परवा, सोमवारी, अण्णांच्या हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन आहे. परवा नव्हे, तेरवा. बघा, दिवससुद्धा नीट मोजता येईनात. वाचकहो, आपण हे वाचाल तेव्हा काय झालं ते आपल्याला ठाऊक असेल. मला आज ठाऊक नाही. अण्णांविषयी लिहिताना क्रियापद कुठल्या काळातलं वापरावं, इथपासून माझा गोंधळ आहे. तूर्तास मी 'आहेत' असंच लिहिणार.

तर कार्य. आमच्याकडे एक रीत होती आणि ती अण्णांनी प्राणपणाने सांभाळली. मशीन बंद पडलं आणि कुणाला आत हात घालायचा झाला, तर त्याने आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. तिघे आत जाणार असले तर तीन कुलपं. काम झालं की ज्याने त्याने आपलं काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना. कुलूप दिसतंय याचा अर्थ एकच, माणूस आत आहे.

आणि मी काय केलं? नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळी मशीनमध्ये अडकलेला पत्रा काढला, हात पुसले, आणि कुलूप तसंच ठेवून कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो. किल्ली खिशात. खोलीवर आलो, जेवलो, आडवा झालो. इकडे सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला कुलूप दिसलं. तो म्हणाला, "घरी गेला असेल. कटर आणा आणि तोडा."

"असंल?" अण्णा म्हणाले. "असंल म्हंजी? तू बघितलास का त्याला जाताना?"

कुणीच बघितलं नव्हतं. अण्णांनी मशीन चालू करू दिलं नाही. स्वतः मशीनखालच्या खड्ड्यात उतरले, संडास पाहिले, कॅन्टीन पाहिलं, आणि मग स्कूटर काढून थेट मोशीला माझ्या खोलीवर आले. मी दार उघडलं तर अण्णा समोर, शर्टाच्या पुढच्या बाजूला काळं तेल माखलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मटकन उंबऱ्यावर बसले. मिनिटभराने उठून त्यांनी माझ्या अशी एक कानाखाली वाजवली की आजही मोशीची पाटी दिसली की गाल चाचपतो. "मशीनखाली वाकवाकून शोधून आलोय तुला," ते म्हणाले. मग म्हणाले, "च्या टाक." चहा पिऊन झाल्यावर मी किल्ली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. मला स्कूटरवर मागे बसवून चाकणला नेलं आणि माझं कुलूप मला काढायला लावलं. मशीन दोन तास बंद राहिल्याचा मेमो निघाला, तो त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला. शिकवण्यातच काहीतरी कमी राहिलं असणार, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मी रडलो होतो त्या दिवशी, आता लपवून काय करायचं.

विचारांकडे वळावं, तर तिथं सगळ्यात आधी अण्णांचं धैर्य येतं. त्यांची बोटं गेली तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. कारखाना तेव्हा भोसरीत होता आणि कुलपांची रीत यायची होती. बरे झाल्यावर कंपनीने त्यांना स्टोअरमधलं बसून करायचं काम देऊ केलं. अण्णांनी ते नाकारलं आणि तीन महिन्यांत ते त्याच मशीनवर उभे राहिले. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं नव्या कामगारांना सांगत आलो आहे. दर वेळी थोडा मीठमसाला लावून. एकदा तर तीन महिन्यांचे मी पंधरा दिवस केले होते. शेवटचं वाक्य मात्र कायम तेच, "अण्णांना भीती म्हणून माहीत नाही."

निवृत्तीनंतरही त्यांचा धडाका तसाच राहिला. सहासष्टाव्या वर्षी ते मोटार चालवायला शिकले आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या सोसायटीचं गेट वाकवून आले. गावात कुणाचं मयत झालं तर अण्णा तिरडी बांधायला पुढे असतात, आणि बांधून झाल्यावर एकेक गाठ ओढून तपासतात. एकदा एक सैल गाठ पाहून ते गरजले, "कोनी बांधली रं ही? पडंल मानूस!" कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा, त्यांना आता काय होणार हाय?" अण्णा म्हणाले, "त्याला न्हाई, खालच्याच्या पायाला व्हईल की!" दुःखाचा प्रसंग, पण हसू दाबता दाबता आमची पुरेवाट झाली. मृत्यूकडे इतक्या सरळ नजरेने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निदान आज दुपारपर्यंत माझं असंच मत होतं.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी झडप निकामी होत आल्याचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर बरीच वर्षं मिळू शकतील, पण या वयात धोका आहे. नाही केलं तर फार दिवस हातात नाहीत. मी भेटायला गेलो, तर अण्णा ऐसपैस बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पंच्याहत्तर झाली. झालं तेवढं बास हाय. आता नवा पार्ट टाकून काय करायचं?" सगळे माना डोलावत होते. मीही डोलावली. निघताना त्यांनी मला दारापर्यंत येऊन सांगितलं, "नर्सरीतनं केशरची चार कलमं आन. चांगली बघून आन." बंगल्यामागे त्यांची दोन गुंठे जागा शिल्लक आहे, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. तिथं आंबा लावायचा होता. मला काही उमजेना. केशरला फळ धरायला चार-पाच वर्षं तरी जातात. ज्याला बास झालं आहे तो आंबे कुणासाठी लावतो? पुनावळ्याला घरी परतेपर्यंत मी दुचाकीवर हाच विचार करत होतो आणि दोनदा चुकीच्या वळणावर वळलो. कलमं नेऊन दिली. आठवड्याने कळलं, अण्णा ऑपरेशनला तयार झाले आहेत. का, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता या लेखाच्या शेवटाबद्दल. काल मेहबूबभाईंचा फोन आला. जरा चाचरत म्हणाले, "भावा, राग नको मानू. तुझा लेख पुस्तकात सगळ्यात शेवटी आहे. शेवटचं पान छापायला छापखानेवाला मंगळवारपर्यंत थांबतो म्हणतोय. तू असं कर, दोन शेवट लिहून दे. जो लागेल तो लावू." मी फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावून त्यांना जे नाही ते बोललो. तिकडून हुंदका ऐकू आला, तेव्हा कळलं, तेही रडत होते. शेवटी मी दोन कागद लिहिले. हे मी केलं, याची लाज वाटते, आणि दुसरं काय करता आलं असतं तेही सुचत नाही.

आज दुपारी आम्ही दोघे मोशीला अण्णांकडे गेलो. अण्णा खाटेवर उशांना टेकून बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी सुमनकाकू मेथी निवडत होत्या. अण्णांनी विचारलं, "झालं का लिहून?" आणि मेहबूबभाईंच्या पोटात काही राहत असेल तर शपथ! ते बोलून गेले, "झालंय अण्णा, फक्त शेवट दोन आहेत." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांना अर्थ कळायला क्षणभरच लागला.

"वाच," ते म्हणाले.

"अण्णा, कशाला..."

काकू मान वर न करता म्हणाल्या, "वाचा की. मलाबी ऐकू द्या."

पहिला वाचला. अण्णांना उदंड निरोगी आयुष्य लाभो, ते शतायुषी होवोत, वगैरे. अण्णा म्हणाले, "हे समद्यांच्याच पुस्तकात आसतंय. फुडचा वाच." मग दुसरा वाचला. त्यात मी लिहिलं होतं, 'जसे जगले तसेच, मृत्यूलाही अण्णा निर्भयपणे आणि हसतमुखाने सामोरे गेले.'

अण्णांनी हात वर केला. "हे कोनी सांगितलं तुला?"

"काय?"

"निर्भयपने." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय रं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही? बोटं गेल्यावर तीन महिन्यांत त्याच मशीनवर उभे राहिलात तुम्ही."

"ऱ्हायलो, व्हय. आन् रोज गेटातनं आत शिरताना पोटात गोळा यायचा. रिटायर झालो त्या दिवशीबी आला. तुमाला काय सांगनार? नवी मानसं तुमी, माझ्याकडं बघून हात घालायचा मशीनमधी."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "रोज डबा निम्मा परत यायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्याच हाताला चव न्हाई. किती वर्सं मसाले बदलत बसले मी."

अण्णांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात हे त्या दोघांचंही एकमेकांना सांगायचं राहून गेलं होतं, असं दिसत होतं. मेहबूबभाई रुमाल शोधू लागले. आणि मी, जो पंचवीस वर्षं 'अण्णांना भीती म्हणून माहीत नाही' असं सांगत फिरलो, मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करू लागलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "एवढी भीती वाटते, तर ऑपरेशन करता कशाला? तुम्हीच म्हणत होता ना, बास झालं?"

"ते लोकं भेटाया येत्यात, त्यांना बरं वाटावं म्हनून म्हनत हुतो," अण्णा म्हणाले. "मला जगायचंय. अजून लई जगायचंय. पंच्याहत्तरीत आसं बोलायची लाज वाटती, म्हनून बोललो न्हाई."

मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या कागदावरचा 'निर्भयपणे' हा शब्द खोडला. 'हसतमुखाने' पण खोडला. त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती काकूंच्या हातात दिली आणि सांगितलं, लागला तर मेहबूबला द्या, न्हाई तर चुलीत घाला. काकूंनी तो कुठं ठेवला ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं मला.

आता घरी येऊन हे लिहितो आहे. मेहबूबभाईंना मी एकच शेवट पाठवणार आहे, आणि तो बदलायचा नाही असं कळवणार आहे. अण्णांच्या कार्यापासून आपण काय शिकलो, याचा गोषवारा इथं द्यायला हवा होता. तो मला जमत नाही. धैर्य कशाला म्हणायचं, तेही आता नव्याने ठरवावं लागेल, आणि आज त्याला वेळ नाही.

म्हणून अण्णा, ही एवढीच शुभेच्छा. शंभरीचं नंतर पाहू. सोमवारी भीत भीत आत जा, भीत भीतच बाहेर या. शुद्धीवर आलात की पहिल्यांदा जो दिसेल त्याला शिव्या घाला. दुखलं तर कण्हा, रडू आलं तर रडा, आम्ही कुणाला काही सांगणार नाही. आणि सांगितलंच, तर या वेळी खरं तेच सांगू. पुढची जितकी वर्षं मिळतील तितकी हावरटासारखी जगा, लाजू नका. आणि घरी आल्यावर सुमनकाकू पहिलं ताट वाढतील, ते पूर्ण संपवा. पन्नास वर्षं त्या वाट पाहत आहेत.