करडईच्या डब्याचा हिशेब

नळदुर्गजवळच्या तेलगिरणीत मी नवाच कारकून होतो. मालकांनी करडईच्या तेलाचा डबा आपल्याला केवढ्याला पडतो ते काढायला सांगितलं. करडई, मजुरी, इंजिनाचं डिझेल, रिकामा डबा, सगळं धरलं, तर आकडा बाजारभावाच्या वर गेला! माझी पाचावर धारण बसली. गिरणी बुडाली, आता पहिली नोकरी माझीच जाणार.

मालक आले. उठायचंही सुचेना. बसूनच पुटपुटलो, "मालक, डब्यामागं तोटा हाय."

"आन् तेल गाळून उरलेली पेंड? ती गुराढोरांसाठी इकतो, ते पैसे वजा केलेत का?"

मी वही चाळली. पेंड कुठंच मांडली नव्हती.

"बसलाव कशावर?"

पेंडीच्या पोत्यावर!

"उठा. घामानं पोतं भिजंल. हिशेब परत करा, उभ्यानं."