डब्यांच्या ओळीत माझी सुधारणा

शेतात ठिबक सिंचनाच्या नळ्या जोडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे जळगावच्या घरी लेकीने बैठकीत पाइपच्या तुकड्यांची ओळ मांडली, तेव्हा कोणी सल्ला मागायच्या आधीच मी हजर. ती धुळ्याला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. दोन्ही तोंडं बंद केलेले बारा सारखे तुकडे, म्हणजे बारा डबे. त्यांना जोडणाऱ्या नळ्या मात्र एक बारीक, एक जाड, पुन्हा बारीक. ठरावीक सुराचा आवाज टोकाच्या डब्यात सोडला की तो तिथेच राहतो, ओळीत पसरत नाही, असं तिचं म्हणणं. चार वाजता ते सरांना ऑनलाइन दाखवायचं होतं. नाही दिसलं तर प्रोजेक्टचा विषय जाणार होता.

ती जेवायला उठली. एका लाइनीत दोन मापं बघून माझे हात शिवशिवले. असं काम केलं तर शेतकरी आम्हाला बांधावरून हाकलतो. मी बारीक नळ्या काढल्या, भोकं मोठी केली, सगळीकडे जाड बसवल्या आणि स्वतःवर खूश होऊन बसलो.

तिने येऊन आवाज सोडला. लॅपटॉपवर प्रत्येक डब्यातल्या माइकची एक रेघ होती; बाराही वर गेल्या.

"पप्पा, हात लावला का?"

"थोडं सुधारलं."

"अहो, बारीक-जाड आहे म्हणूनच तो टोकाला थांबतो. सारखं केलं की त्याला सगळा रस्ता मोकळा."

बायको शिंदखेड्याकडची. चिडली की माहेरच्या बोलीत येते. "ते काय वावर शे का? तुमले बठ्ठं सारखंच लागस." मला सगळंच एकसारखं लागतं, हे तिचं जुनं गाऱ्हाणं.

साडेतीन वाजले होते. मोठ्या भोकांत रबर घालून मी पुन्हा बारीक नळ्या बसवत गेलो. घाईत मधली एक आखूड कापली गेली. बदलायला वेळ नव्हता.

"राहू द्या," लेक म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

चार वाजता सरांसमोर सूर सोडला. टोकाच्या डब्याची रेघ उंच गेली, बाकीच्या बसून राहिल्या.

"मधली नळी आखूड दिसतेय," सर म्हणाले.

"चूक झाली, सर."

"तरी टोकाचा आवाज तिथून हलला नाही ना? तेच तर महत्त्वाचं. विषय हाच ठेव. आणखी दोन-चार ठिकाणी थोडं चुकवून मोज."

मी लगेच कात्री उचलली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"कुठे आणि किती चुकायचं, ते मी सांगेन."