निळ्या दगडाचा पांढरेपणा

साऱ्या वऱ्हाडात जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस एकच होऊन गेला, आणि वऱ्हाडात नेमका त्याच्याच बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ते आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दर्यापूरच्या अलीकडे त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. बाजाराच्या दिवशी वांगी मांडून बसले, की गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच ते सांगत, "बाई, या वाट्यात दोन वांगे किडके हायेत. पण कोन्ते, ते मले मालूम नाई." बाई पुढच्या ढिगाकडे जाई. पंगतीत यजमानानं हात जोडून "भाजी कशी झाली?" म्हणून विचारावं आणि साडभाऊंनी ती कशी झाली ते सांगावं, असं चारदोनदा घडल्यावर लग्नाच्या आमंत्रणांतून त्यांचं नाव हळूहळू गळत गेलं. मुलगी पाहायला गेले तेव्हाही भर बैठकीत "पोरगी पसंत हाये, पोहे नाई" असं म्हणून ते मोकळे झाले होते. तरी लग्न झालं, याचं श्रेय मी ताईंना देतो. ताई म्हणजे तीच पोहे करणारी पोरगी.

या सत्यवादी माणसाच्या मागे एक दगड लागला. मळ्यात एक खोल विहीर होती. तिचं पाणी खारट, कारण तो सगळाच खारपाणपट्टा. त्यांच्या आजोबांच्या वेळी तिच्यात एक बैल पडून तळाच्या चिखलात रुतला, तो तिथंच राहिला. एका उन्हाळ्यात गाळ उपसताना साडभाऊंना त्या बैलाचं हाड लागलं आणि हाडाला चिकटलेलं ढेकूळ फोडलं तर आत खडीसाखरेसारखा पांढराशुभ्र, पारदर्शक खडा. त्याच्या पापुद्र्यावर नखानं रेघ उठत होती. ते तो घेऊन दोराला धरून वर आले, मळ्यातून घरी गेले, ताई नदीवर धुण्याला गेल्या होत्या म्हणून ओसरीवर वाट पाहत बसले. ताई आल्या तोवर खडा हिरवट झाला होता आणि दिवे लागायच्या सुमाराला चांगला निळा. साडभाऊ म्हणाले, "पांढरा होता." ताई म्हणाल्या, "निया हाये." या दोन वाक्यांवर त्या घराची पुढची बारा वर्षं गेली.

अकोल्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा माणूस. अमरावतीच्या एका रद्दीवाल्याकडून त्यानं दगडांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिन्यांत आपला खडा त्यात शोधून काढला. ते होतं लोखंडाचं फॉस्फेट. मातीतलं लोखंड आणि हाडातलं फॉस्फरस ही दोन्ही जिथं हवा पोचत नाही अशा चिखलात वर्षानुवर्षं शेजारी पडून राहिली, की क्वचित कुठं हा खडा जमतो. चिखलात असतो तोवर निष्कलंक. एकदा उजेड आणि हवा लागली की निळा पडू लागतो, आणि मग काही केल्या पुन्हा पांढरा होत नाही. नाव होतं व्हिव्हियनाइट. गावानं दोन दिवसांत त्याचं विव्यानाथ केलं आणि एका म्हातारीनं विहिरीच्या काठावर नारळ फोडला. साडभाऊ तिच्या मागे धावत गेले आणि हा देव नसून फॉस्फेट असल्याचं त्यांनी तिला वेशीपर्यंत समजावून सांगितलं. म्हातारीनं फॉस्फेटालाही नमस्कार केला.

त्यांना या दगडाचे पैसे नको होते, मान नको होता. कुणीतरी एकानं तो पांढरा असताना पाहावा आणि "होय, पांढरा आहे" असं आपल्या तोंडानं म्हणावं, एवढंच हवं होतं. अडचण अशी, की दगड दिसायला उजेड लागतो आणि उजेडात दगड बिघडतो. म्हणून ते फोडलेले खडे ओल्या चिखलाच्या घागरीत ठेवत, घागर काळ्या छत्रीखाली आणि छत्री धान्याच्या कोठीत. पाहुणा आला की त्याला कोठीत नेऊन दार लावून घेत आणि मिट्ट काळोखात त्याचा हात घागरीत घालून म्हणत, "पाहा, कसा पांढराशुभ्र हाये!" मी बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर कारकून. न पाहता सही करण्यात माझा जन्म गेलेला. मी चिखलात हात घालून मोठ्यानं म्हणालो, "वा! काय पांढरा आहे!" त्यावर अंधारातून त्यांचा दुखावलेला आवाज आला, "साडभाऊ, कायले लबाड बोलता? तुमाले काईच दिसून नाई राहिलं." मला फार लाज वाटली, आणि चिखल कोपरापर्यंत गेला होता तो वेगळाच.

शेवटी त्यांनी सरकारला गाठायचं ठरवलं. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या शेपटीला बांधलेला, त्यामुळे कसलाही अर्ज नागपूरला जाई. साडभाऊंचा उजवा हात कुदळीनं सोलला होता, म्हणून ते पोस्टमास्तरांना सांगत गेले आणि पोस्टमास्तर लिहीत गेले. पोस्टमास्तर पुण्याकडून नवेच बदलून आलेले. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साडभाऊंनी गाळाबद्दल सांगितलं ते असं: "आमच्या हिरीत लय जुना गाय हाये. दर उन्हायात आमी तो काढतो. त्या गायाच्या पोटात पांढरा खडा निघते, उजिडात आनला का निया पडते." पोस्टमास्तर शुद्ध मराठीचे कैवारी. त्यांनी खेडवळ माणसाचं व्याकरण मायेनं सुधारलं आणि लिहिलं: "आमच्या विहिरीत फार म्हातारी गाय आहे. तिला आम्ही दर उन्हाळ्यात बाहेर काढतो. तिच्या पोटात पांढरा खडा निघतो व उजेडात आणताच ती निळी पडते." साडभाऊंनी न वाचता डाव्या हाताचा अंगठा उठवला. पोस्टमास्तर खोटं कशाला लिहील, असा त्यांचा विचार.

नागपूरच्या कुठल्या कचेरीत तो अर्ज वाचला गेला ठाऊक नाही, पण वैशाखात तिथून गुरांचा डॉक्टर आला. बरोबर मोठा दोरखंड, एक चपराशी आणि चार बाटल्या जुलाबाचं औषध. साहेब वेशीत शिरल्याचं कळताच साडभाऊंनी तळाशी उतरून ढेकूळ फोडलं, आणि तेवढ्यात गावच्या पाटलांनी साहेबांना आमरसाच्या जेवणाला धरून नेलं. पाटलांच्या घरून आमरस जेवून कुणी तसाच उठून चालू लागल्याची आठवण गावात नाही. साहेब सोप्यावर आडवे झाले. साडभाऊ आधी विहिरीत, मग काठावर, मग पाटलांच्या दारात, ओंजळीवर ओलं फडकं धरून दोन तास उभे होते. साहेब उठले, चूळ भरली, फडकं बाजूला केलं आणि म्हणाले, "निळा दिसतो. गाय कुठं आहे?"

साडभाऊ त्यांना विहिरीवर घेऊन गेले. "काढला ना साहेब सारा. तो पाहा, ढीग घातला."

साहेबांनी चिखलाच्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते उकिडवे बसले, एक हाड उचलून बारकाईनं तपासलं आणि तिथंच अहवाल लिहिला: "गाय आढळली नाही. बैल आढळला. तो मरून बरीच वर्षे झाली आहेत. उपचाराची आवश्यकता नाही." जुलाबाच्या बाटल्या मात्र ते ठेवून गेले आणि गावानं त्या पुढे वर्षभर वापरल्या.

साडभाऊ त्यानंतर जरा वाकले. गावात पोरंसोरं त्यांना "गाय निघाली का?" विचारत, आणि ते थांबून प्रत्येकाला खरी हकीकत सांगत. हाडं संपत आली होती. एका उन्हाळ्यात शेवटचं एकच ढेकूळ उरलं. आजवर ते तळाशीच फोडून खात्री करून घेत, हे मात्र त्यांनी न फोडता वर आणलं. त्यांनी ताईंना हाताला धरून विहिरीवर नेलं, काठावर बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते फोडलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा खडा देवळीत निळाशार होऊन पडला होता आणि साडभाऊ ओसरीवर नव्या नवरदेवासारखे बसले होते. "साडभाऊ, पांढरा म्हनली!" ते मला म्हणाले. "म्या इचारलं, कसा हाये? पाह्यलं, अन् म्हने, पांढरा हाये. मी काई पढवलं नोहोतं बरं." त्या दिवसापासून पोरांच्या चिडवण्याला त्यांनी उत्तर देणं सोडलं. पुढल्या हिवाळ्यात ते गेले, अगदी समाधानानं गेले.

दिवस झाल्यावर मी ताईंना चष्मा करून द्यायला अमरावतीला आणलं, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकला आहे, बाईंना निदान वर्षभर तरी काही दिसत नसणार. मी थक्क झालो. बाहेर बाकावर येऊन बसलो आणि विचारलं, "ताई, तुम्ही साडभाऊंना सांगितलं कसं नाही?"

"काऊन सांगू? सांगतलं असतं त मले घेऊन इथीसा दवाखान्यात बसले असते. तिकडे पानी आलं असतं, हीर भरली असती, गाय काढाचा राहून गेला असता. भाकर काय, हातानं होते."

"मग त्या दिवशी पांढरा आहे, असं कशावरून म्हणालात?"

ताईंनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

"बारा वर्सं सांगून राह्यले होते ना बापा ते," त्या म्हणाल्या. "त्याईनं कवा लबाड सांगतलं काय?"

हे साडभाऊंना कळायला हवं होतं, असं त्या बाकावर बसून मला फार फार वाटलं. आणि कळतं तर त्यांनी ती साक्ष तिथल्या तिथं रद्द केली असती, हेही मला ठाऊक होतं.