पेन्सिलनं भरलेला रकाना

आमच्या घरी महत्त्वाचे अर्ज आधी पेन्सिलनं भरायचे, मग पेनानं गिरवायचे. लेकीचा अकरावीचा अर्ज असाच गिरवून झाला. परकीय भाषेचा रकाना तेवढा राहिला. सकाळपासून तिथे ‘जर्मन’ लिहून खोडलंय, ‘जपानी’ लिहून खोडलंय. खोडून खोडून कागद इतका विरलाय की खालच्या टेबलक्लॉथची फुलं दिसतात. सोळाव्या वर्षी माणूस नुसती भाषा निवडतो, की पुढे राहायचं गावही? निवड चुकली तर, या भीतीनं तिला जेवण गेलं नाही. माझा घास अडला तो निवड बरोबर निघाली तर, या भीतीनं.

“आई, सांग ना गं, कुठली घेऊ?”

मी चष्मा पुसत विचारलं, “त्यातल्या त्यात जवळचा देश कुठला?”